भेदऱ्याचं जुनं बियाणं: आंजीच्या वावरात पुसा रुबी

पोळा झाला की वर्धा-आर्वी रस्त्यावरच्या गावांत भाजीवाले शेतकरी रोपवाटिकेच्या तयारीला लागतात. आंजी (मोठी) परिसरात कपाशी, तूर आणि सोयाबीन ही मुख्य पिकं. पण ज्यांच्या विहिरीला पाणी आहे, त्यांच्या वावराच्या एका कोपऱ्यात भेदरे, म्हणजे टोमॅटो, असतातच. गेल्या काही वर्षांत हा कोपरा जवळजवळ पूर्ण संकरित वाणांनी व्यापला आहे. संकरित वाण लावू नका, असं मी म्हणणार नाही. ट्रकने नागपूरच्या बाजारात माल पाठवायचा असेल, तर जाड सालीचं, टणक फळ हवंच. पण वर्धा, आर्वी, पुलगावच्या बाजारात आणि गावच्या आठवडी बाजारात जो माल जातो, त्यासाठी पाच गुंठे जुन्या सरळ वाणाला द्यावेत, असं मी आग्रहाने सांगेन. आंबट, रसदार, पातळ सालीचं भेदरं गिऱ्हाईक अजूनही मागून घेतं आणि त्याचं बियाणं दरवर्षी विकत घ्यावं लागत नाही.

या सरळ वाणांत सगळ्यात ओळखीचं नाव पुसा रुबी. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने तो तयार केला. ही संस्था १९०५ साली बिहारमधल्या पुसा गावी सुरू झाली, १९३४च्या भूकंपात तिथल्या इमारती पडल्या आणि १९३६ साली ती दिल्लीला आली. गावाचं नाव मात्र तिच्या वाणांना चिकटून राहिलं. पुसा रुबीचे आईबाप दोन टोकांचे आहेत. एक ‘सू’, अमेरिकेतल्या नेब्रास्का विद्यापीठाने १९४४च्या सुमारास दिलेला, उन्हाळ्यात फळ धरण्यासाठी नावाजलेला वाण. दुसरा ‘इम्प्रूव्हड मेरुती’, म्हणजे मेरठकडच्या टोमॅटोतून निवडलेला. या दोघांच्या संकरातून पिढ्यान् पिढ्या निवड करून स्थिर केलेला हा वाण आहे. त्यामुळे आजच्या फळातलं बी लावलं तर पुढच्या हंगामात तसंच झाड मिळतं. संकरित टोमॅटोचं बी धरलं तर दुसऱ्या पिढीत झाडं फुटतात, एक उंच, एक बुटकं, एकाचं फळ गोल तर एकाचं लांबट. फरक इथेच आहे.

पुसा रुबीचं फळ चपटं गोल, मध्यम आकाराचं, अंगावर हलक्या कंगोऱ्यांचं. रोप लावल्यापासून साधारण ६० ते ६५ दिवसांत पहिला तोडा येतो. झाड पसरत, वाढत राहतं. उत्पादन हेक्टरी ३० ते ३२ टनांच्या आसपास धरतात, संकरितांच्या मानाने कमी. दोन उणिवाही आधीच लक्षात घ्या. फळ मऊ असल्याने लांबचा प्रवास सोसत नाही. आणि पर्णगुच्छ, म्हणजे पानं आकसून झाड खुजं करणारा विषाणूजन्य रोग, या वाणावर लवकर येतो. संशोधक नव्या वाणांची रोगप्रतिकारशक्ती तपासताना ‘हमखास रोगाला बळी पडणारा’ म्हणून पुष्कळदा पुसा रुबीच शेजारी लावतात. तेव्हा हा वाण घ्यायचा असेल तर सगळी राखण रोपवाटिकेपासून सुरू होते.

पर्णगुच्छ पसरवते पांढरी माशी, आणि आपल्याकडे सप्टेंबरात ती कपाशीवर असते. रोपवाटिका पऱ्हाटीच्या धुऱ्याला लावली, की माशीला चार पावलंही चालावं लागत नाही. म्हणून जागा घराजवळची, कपाशीपासून जितकी दूर मिळेल तितकी दूर निवडा. गादीवाफे १५ सेंटीमीटर उंच, एक मीटर रुंद करा. बियाण्याला किलोला ५ ग्रॅम ट्रायकोडर्मा चोळा आणि ओळीत, विरळ पेरा. पेरल्या दिवसापासून वाफ्यावर ४० ते ५० मेशची नायलॉन जाळी कमानीवर ताणून लावा आणि तिच्या कडा मातीत दाबा. रोपं महिन्याची होईपर्यंत जाळी उचलायची ती फक्त पाणी द्यायला नि तण काढायला. लहान वयात विषाणू लागलेलं झाड फळ धरत नाही. मोठेपणी लागला तर निदान चार तोडे हाती येतात. पाच गुंठ्यांना २० ते २५ ग्रॅम बी शिफारशीप्रमाणे लागतं. उगवण चांगली असेल तर त्याच्या निम्म्यातही भागतं.

लावणीची वेळ चुकवू नका. टोमॅटोला फळ धरायला रात्रीचं तापमान १५ ते २० अंश मानवतं. दिवसाचा पारा ३५च्या वर टिकू लागला की परागकण निकामी होऊन फुलं गळतात. शिवाय फळाला लाल रंग देणारं लायकोपीन ३० अंशांच्या वर नीट तयार होत नाही, म्हणून मार्च-एप्रिलमधली फळं पिवळट-नारिंगी पिकतात. वर्ध्याचा उन्हाळा सगळ्यांना ठाऊक आहे. रोपवाटिका सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात आणि लावणी ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत झाली, तर डिसेंबरपासून होळीपर्यंत माल मिळतो. दिवाळीनंतर लावलेल्या सरळ वाणाला हे गणित जमत नाही.

काळ्या भारी जमिनीत सरी पाडून वरंब्यावर किंवा गादीवर लावा, ठिबक असेल तर उत्तम. दोन ओळींत ९० सेंटीमीटर आणि दोन झाडांत ४५ ते ६० सेंटीमीटर अंतर पुरतं. आधीच्या हंगामात वांगी, मिरची किंवा बटाटा झालेल्या तुकड्यात लावू नका, मर रोगाची बुरशी मातीत टिकून असते. खत घालताना संकरिताचा हिशेब लावू नका. राहुरीच्या कृषी विद्यापीठाच्या शिफारशीत संकरित टोमॅटोला हेक्टरी ३०० किलो नत्र आहे, तर सरळ वाणाला २०० किलो नत्र आणि १०० - १०० किलो स्फुरद व पालाश. स्वतःच्या मातीची तपासणी सेलसुऱ्याच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारून घ्या आणि तिच्याप्रमाणे मात्रा ठरवा. भारी जमिनीत जास्त नत्र म्हणजे नुसता पाला.

फळाचं टोक काळं पडून सडलं की बरेच जण कॅल्शियमची बाटली आणतात. आपल्या काळ्या मातीत चुना मुबलक असतो. झाडाला तो मिळत नाही, कारण आठ दिवस भेगा पडेपर्यंत वावर सुकतं आणि मग एकदम पाणी सुटतं. फळं तडकण्याचं कारणही बहुतेक वेळा हेच. पाणी थोडं पण नेमाने द्या.

झाडाला आधार हवाच. त्यासाठी पऱ्हाटीच्या काड्या वापरू नका. वाळल्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दडलेली असते आणि ती पुढच्या कपाशीपर्यंत जगते. बांबू आणि तार-सुतळी बरी. फळ पोखरणारी अळी तर तीच, जी तुरीवर आणि हरभऱ्यावर घाटेअळी म्हणून येते, म्हणून शेजारी तूर फुलात असताना रोज फेरी मारा. टोमॅटोच्या दर १४ ते १६ ओळींमागे एक ओळ झेंडूची लावा. झेंडूची रोपं ४० ते ४५ दिवसांची असली, तर फुलं जुळून येतात आणि मादी अंडी तिकडे घालते. अळी लहान असतानाच हेक्टरी २५० एल.ई. एचएनपीव्ही, म्हणजे या अळीला मारणारा विषाणू, संध्याकाळी फवारा. पानांत बोगदे करणारी टुटा नागअळी महाराष्ट्रात २०१४ साली पुण्याकडे प्रथम दिसली. तिच्यासाठी वेगळा कामगंध सापळा लागतो, बोंडअळीचा चालत नाही. आणि कपाशीवर उरलेलं औषध भेदऱ्यावर मारू नका. हे फळ तोडल्या दिवशी लोकांच्या ताटात जातं.

आता बियाण्याचं. बाजारात गावरान म्हणून येणाऱ्या काही झाडांच्या कच्च्या फळाला देठाकडे गडद हिरवा पट्टा असतो. तो दोष समजून लोक अशी झाडं टाकून देतात. जगभरच्या वाणसंशोधकांनीही जवळपास ७० वर्षं एकसारख्या फिक्या हिरव्या फळांचीच निवड केली, कारण पीक तोडायला सोपं जातं. २०१२ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात अमेरिकी आणि स्पॅनिश संशोधकांनी दाखवलं, की गडद हिरवा रंग देणारं जनुक फळातच जास्त हरितद्रव्य आणि साखर तयार करतं. एकसारखं पिकण्याच्या हट्टात चव गेली ती याच वाटेने. तुमच्या वावरात असं चवदार झाड दिसलं तर त्याला चिंधी बांधून ठेवा.

बीसाठी निवड झाडाची करायची, टोपलीतल्या फळाची नव्हे. ज्याला पर्णगुच्छ लागला नाही, जे फळांनी लदलं, अशी दहा-वीस झाडं जानेवारीत हेरा आणि त्यांच्या दुसऱ्या-तिसऱ्या घोसातली फळं झाडावरच पूर्ण पिकू द्या. टोमॅटो स्वतःच्याच परागाने फळतो, तरी प्रमाणित बियाण्यासाठी दुसऱ्या वाणापासून २५ मीटर आणि पायाभूत बियाण्यासाठी ५० मीटर अंतराचा नियम आहे, तो पाळावा. फळं कापून गर मातीच्या किंवा प्लॅस्टिकच्या भांड्यात, पाणी न घालता, एक दिवस आंबवा. आपल्या उकाड्यात दोन दिवस ठेवलं तर बी भांड्यातच मोड धरू लागतं. मग चोळून धुवा, वर तरंगणारं फोल बी फेका आणि उरलेलं सावलीत पातळ पसरून वाळवा. कडक उन्हात वाळवू नका.

अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना २०२०चा पद्मश्री मिळाला, तो अशाच घरच्या बियाण्यांच्या जतनासाठी. २००१च्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्याला स्वतःचं बी राखायला, बदलायला आणि विकायलाही मुभा दिली आहे, फक्त संरक्षित वाणाचं बी छापील नावाच्या पाकिटात विकता येत नाही. गावातल्या चार जणींनी एकेक वाण सांभाळला, तर आंजीत कुणाला बियाण्यासाठी शहरात जावं लागणार नाही.

बी हवाबंद डब्यात, कोरड्या राखेच्या पुरचुंडीसह ठेवा. डब्यावर वाण आणि महिना लिहा. तीन-चार वर्षं ते टिकतं. पुढल्या ऑगस्टात ओल्या फडक्यात १०० बिया गुंडाळा आणि आठवड्याने मोजा. ७०हून कमी उगवल्या, तर पेरताना बी तेवढं वाढवून घ्या.