गिरडचे खडे व मांत्रिकाचा मंत्र

गिरड येथे शेख फरीद यांच्या टेकडीवर जायफळासारखे खडे सापडतात. बाबांच्या शब्दाने व्यापाऱ्याचा माल दगड झाला, अशी कथा आहे. वस्तुतः ते ज्वालामुखीच्या खडकात बनलेले खनिज होय. दिसते तेच कारण नसते. मांत्रिकाचेही तसेच. पुष्कळ साप बिनविषारी असतात, म्हणून मंत्राने विष उतरलेसे वाटते. खरे विष मात्र वाट पाहत नाही. २०१३ च्या कायद्याने, सर्पदंश झालेल्यास औषधोपचारापासून रोखून मंत्र घालणे गुन्हा ठरला. शिमोन जादूगाराने देवाचे दान पैशाने घेऊ पाहिले (प्रेषितांची कृत्ये ८). आम्ही तो मोह टाळावा. बंधूंनो, शेजाऱ्याची निंदा न करता रोग्यास त्वरित रुग्णालयात न्यावे. प्रार्थना वाटेत करावी.