शेतात राबणारे हात आणि कायद्याचे कवच



भोपाळात राहणाऱ्या कुटुंबांना २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्रीविषयी निराळे सांगावयास नको. युनियन कार्बाइडच्या कारखान्यातील टाकीतून सुमारे ४० टन मिथिल आयसोसायनेट हा विषारी वायू बाहेर पडला आणि हजारो माणसे प्राणांस मुकली. दरवर्षी त्या दिवशी आपण मृतांचे स्मरण करतो. परंतु तो कारखाना तयार काय करीत होता, असे वर्गात विचारले की बहुतेक मुले गप्प राहतात, असा आमचा अनुभव आहे. उत्तर असे, की तेथे शेतीसाठी कीटकनाशक तयार होत असे. त्याचे नाव कार्बारिल. बाजारात ते 'सेविन' ह्या नावाने विकले जाई. शहरावर पसरलेला वायू हा ते कीटकनाशक बनविण्यासाठी लागणारा पदार्थ होता.

म्हणजे त्या संकटाचे दुसरे टोक शेतात होते. कारखान्यात तयार झालेला माल अखेर कोणा शेतकऱ्याच्या किंवा मजुराच्या पाठीवरील पंपात जाणार होता. कारखान्यातील कामगारासाठी १९४८ सालीच फॅक्टरी कायदा झाला होता, आणि ह्या दुर्घटनेनंतर १९८७ मध्ये त्यात धोकादायक प्रक्रियांविषयी एक स्वतंत्र प्रकरण घालण्यात आले. मग पाठीवर पंप घेऊन पिकात शिरणाऱ्या माणसासाठी कोणता कायदा आहे? ह्या लेखात त्याचाच थोडा अभ्यास करू.

विषाचा कायदा

१९५८ मध्ये केरळात एक भयंकर घटना घडली. मुंबईहून जहाजाने गेलेल्या गव्हाच्या पिठात, त्याच जहाजातील पॅराथिऑन हे कीटकनाशक मिसळले गेले. ते पीठ खाऊन शंभराहून अधिक माणसे दगावली. सरकारने न्यायमूर्ती शाह यांचा चौकशी आयोग नेमला. पुढे ह्याच विचारातून १९६८ चा कीटकनाशक कायदा आणि १९७१ चे नियम आले. नोंदणी झाल्याशिवाय कोणतेही कीटकनाशक देशात तयार करता किंवा आणता येणार नाही, हे ह्या कायद्याचे मुख्य सूत्र होय.

हा कायदा घडविण्यास जी दुर्घटना कारण झाली, तिचे बळी शेतात फवारणी करणारे नव्हते, ते पीठ खाणारे होते. तथापि नियमांत फवारणी करणाऱ्या माणसाचा विचार झालेला आहे. कामावर घेण्यापूर्वी आणि पुढेही ठराविक काळाने त्याची वैद्यकीय तपासणी व्हावी. त्याला संरक्षक कपडे, हातमोजे आणि श्वसनाचे साधन मिळावे. प्रथमोपचाराचे सामान आणि विषावरील उतारा जवळ असावा. कामाचे शिक्षण मिळावे. रिकामे डबे फोडून वस्तीपासून दूर पुरावेत, अशा गोष्टी तेथे लिहिलेल्या आहेत. कागदावर पाहिले तर ह्यात फारसे उणे नाही.

चौकोनाची भाषा

प्रत्येक डब्याच्या लेबलावर टोकावर उभा केलेला एक चौकोन असतो. त्याच्या खालच्या अर्ध्या भागाचा रंग विषाची तीव्रता सांगतो. लाल म्हणजे अत्यंत विषारी, पिवळा म्हणजे अति विषारी, निळा म्हणजे मध्यम आणि हिरवा म्हणजे त्या मानाने सौम्य. लाल चौकोनाच्या वरच्या भागात कवटी आणि हाडे काढलेली असतात. ज्यास अक्षर येत नाही त्यालाही धोका कळावा, हा ह्या योजनेतील हेतू आहे. परंतु रंगाचा अर्थ कोणी तरी एकदा सांगितल्याशिवाय तोही कळत नाही. हिरवा म्हणजे निर्धोक, असा समज करून घेणारेही पुष्कळ असतात.

येथे आपल्या भाषेनेही थोडी फसगत केली आहे. आपला शेतकरी कीटकनाशकास 'औषध' म्हणतो. आमच्या घरच्या कोकणीतही त्यास 'वखद'च म्हणतात. औषध म्हटले की ते बरे करणारे वाटते. ते अंगावर सांडले तर काय बिघडले, असे मनात येते. परंतु अनेक कीटकनाशके घामेजल्या कातडीतूनही शरीरात शिरतात. ऑरगॅनोफॉस्फेट आणि कार्बामेट ह्या वर्गातील विषे मज्जातंतूंच्या कार्यास आवश्यक असणाऱ्या कोलिनेस्टरेज ह्या द्रव्यास निकामी करतात. मग घाम सुटतो, तोंडास लाळ येते, उलट्या होतात, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात आणि शेवटी श्वास कोंडतो.

यवतमाळचा धडा

२०१७ च्या पावसाळ्यात विदर्भातील यवतमाळ जिल्ह्यात हे सारे प्रत्यक्ष घडले. कपाशीवर फवारणी करताना शेकडो शेतकरी आणि मजूर विषबाधा होऊन रुग्णालयात दाखल झाले; वीसहून अधिक माणसे मरण पावली. कपाशी डोक्याएवढी वाढलेली, वर उडालेला फवारा तोंडावर येणारा, दोन-तीन कीटकनाशके एकत्र कालविलेली, अंगावर साधा सदरा आणि नाकास फार तर रुमाल. नियमांतील हातमोजे आणि मुखवटे बहुतेकांनी पाहिलेही नव्हते. सरकारने विशेष तपास पथक नेमले. त्यानंतर काही विषांवर बंदीही आली. २०१८ च्या आदेशाने बंद झालेल्या कीटकनाशकांत कार्बारिल होते, म्हणजे ज्याच्यासाठी भोपाळचा तो कारखाना चालत होता तेच. आपल्या शहराने ज्याची एवढी किंमत मोजली, तो माल ३४ वर्षांनी देशाने वर्ज्य ठरविला.

मळणी यंत्र आणि नबीबाग

शेतातील धोका विषापुरता नाही. मळणी यंत्रात गव्हाच्या पेंढ्या सारताना हात आत ओढला जाऊन कायमचे अपंगत्व आलेली माणसे आपल्याकडील गावोगावी आढळतात. त्यासाठी १९८३ मध्ये संसदेने धोकादायक यंत्रांच्या नियमनाचा कायदा केला, आणि अशा यंत्रांचे उत्पादक व विक्रेते यांजवर बंधने घातली. भारतीय मानकाप्रमाणे पेंढ्या सारण्याची पन्हळ किमान ९० सेंटिमीटर लांब असावी आणि तिचा ४५ सेंटिमीटर भाग झाकलेला असावा. कारण साधे आहे: माणसाचा हात फिरत्या दात्यांपर्यंत पोहोचताच कामा नये. सावधगिरीची सूचना विसरली जाते. पुरेशी लांब पन्हळ मात्र थकल्याभागल्या माणसाचेही रक्षण करते.

अशा गोष्टींचा अभ्यास करणारी केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्था आपल्याच शहरात, नबीबागेत, १९७६ पासून उभी आहे. शेतकामातील अपघात आणि श्रम यांविषयीच्या देशव्यापी संशोधनाचे सूत्र तेथूनच हलते. स्त्रियांच्या हातांस पेलतील अशी अवजारे, दातेरी विळा, मक्याचे दाणे सोलण्याची लहान नळी, ही साधी साधने त्या विचारातून पुढे आली. एकाच शहरात विषाचा तो ओसाड कारखाना आणि शेतकऱ्याचे हात जपणारी ही संस्था, दोन्ही आहेत.

जेथे कवच अपुरे पडते

२१ नोव्हेंबर २०२५ पासून व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कामाची परिस्थिती यांविषयीची २०२० ची संहिता देशात लागू झाली. तिने फॅक्टरी कायदा, मळ्यांतील मजुरांचा १९५१ चा कायदा इत्यादी १३ कायदे एकत्र केले. परंतु तिचा मुख्य आधार दहा किंवा अधिक कामगार असलेली आस्थापना हा आहे. आता विचार करा, दोन-तीन एकरांच्या शेतात किती माणसे असतात? नवरा, बायको आणि हंगामापुरते दोघे-तिघे मजूर. असे शेत त्या मापात बसत नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २००१ मध्ये शेतीतील सुरक्षेसाठी १८४ क्रमांकाचा स्वतंत्र करार केला. भारताने त्यास मान्यता दिलेली नाही. अडचण खरी आहे. लाखो लहान शेतांवर निरीक्षक कोठून पाठवावयाचा? परंतु अडचण आहे म्हणून त्या माणसाचा जीव स्वस्त ठरत नाही.

जेथे निरीक्षक पोहोचत नाही तेथे तुम्ही पोहोचता. सुटीत आजोळी जाल तेव्हा कोपऱ्यातला डबा हाती न घेता त्यावरील चौकोनाचा रंग पाहा आणि लेबल आजोबांना वाचून दाखवा. वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने फवारणी करू नये, आपल्या मनाने औषधे एकत्र करू नयेत, फवारणीनंतर साबणाने अंघोळ करून कपडे वेगळे धुवावेत, रिकाम्या डब्यात पाणी भरू नये, हे सांगा. कोणास घेरी आली तर त्यास शेताबाहेर आणून भिजलेले कपडे काढावेत, अंग धुवावे आणि लेबलासह त्वरित रुग्णालयात न्यावे. कोणते विष आहे हे लेबलावरून डॉक्टरांस तत्काळ कळते.

कायदा करणे हे संसदेचे काम, तो अमलात आणणे हे सरकारचे. त्यांजकडे ते मागत राहणे हे नागरिकांचे कर्तव्य होय. परंतु कायद्याचे पहिले अक्षर डब्यावर छापलेले असते, आणि घरात ते वाचता येणारा माणूस बहुधा तुम्हीच असता.