पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका

एप्रिल २०२० ची गोष्ट. आमच्या सोसायटीने बाहेरच्या माणसांसाठी फाटक बंद केलं आणि आमच्याकडे अकरा वर्षं काम करणाऱ्या मावशी पर्वतीच्या पायथ्याच्या वस्तीत अडकून पडल्या. तीन घरांची धुणीभांडी हेच त्यांचं उत्पन्न. त्यातल्या दोन घरांनी पगार थांबवला. यजमान परांचीवरून पडल्यापासून घरीच होते. पंधरा दिवसांनी मावशींचा फोन आला, "ताई, दुकानदार म्हणतोय तुमच्या कार्डावर धान्य येत न्हाई. कार्ड तर हाय आपलं. मग का येत न्हाई?"

मला उत्तर देता आलं नाही. बँकेच्या नोकरीत ३१ वर्षं मी लोकांचे अर्ज तपासले, चुका काढल्या, पण रेशनकार्ड म्हणजे माझ्या लेखी कपाटातला एक कागद होता. जे तेव्हा ठाऊक नव्हतं ते आधी सांगते, कारण अजूनही निम्म्या बायकांची गाडी इथेच अडते.

महाराष्ट्रात पिवळं, केशरी आणि पांढरं अशी तीन रंगांची कार्डं १ मे १९९९ पासून आली. केशरी कार्ड हातात आहे म्हणजे धान्य मिळणार असं सगळ्यांना वाटतं. पण २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्यानंतर नुसत्या रंगावर काही ठरत नाही. अंत्योदय कार्डाला महिन्याला ३५ किलो आणि 'प्राधान्य कुटुंब' यादीत असलेल्यांना माणशी ५ किलो, असं ते गणित आहे. केशरी कार्डावर प्राधान्याचा शिक्का असेल तर धान्य, नसेल तर नाही. शहरात त्या यादीसाठी उत्पन्नाची मर्यादा वर्षाला ५९ हजार रुपये. मावशी त्यात बसत होत्या, पण शिक्का मारून घ्यायला हवा हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

मी काय केलं? ओळख काढली. एका स्थानिक पुढाऱ्याच्या कार्यालयात काम करणारा एक मुलगा माझ्या माहितीचा होता. त्याला फोन केला. "काकू, तुम्ही काळजीच करू नका, कार्ड पाठवून द्या, आठ दिवसांत करून देतो," तो म्हणाला. मी मावशींना सांगितलं आणि त्यांच्या मुलाने मूळ कार्ड, आधारकार्डं, यजमानांचे दवाखान्याचे कागद असं सगळं नेऊन दिलं. त्या मुलाने वरखर्चाचे म्हणून दीड हजार घेतले, हे मावशींनी मला वर्षभराने सांगितलं. मला वाईट वाटेल म्हणून त्या गप्प राहिल्या होत्या.

आठ दिवसांचे चौदा महिने झाले. मधल्या काळात, मे आणि जून २०२० मध्ये, शिक्का नसलेल्या केशरी कार्डांनाही सरकारने माणशी ३ किलो गहू ८ रुपये दराने आणि २ किलो तांदूळ १२ रुपये दराने दिला. आमच्या मावशींच्या घरात चार माणसं. ते धान्य त्यांना मिळालं असतं, पण कार्ड माझ्या ओळखीच्या माणसाच्या ड्रॉवरमध्ये होतं. ही गोष्ट मी आजही विसरू शकत नाही. पुढे तो मुलगा फोन उचलेना, ते कार्यालयही हललं, कार्डाचा पत्ता लागेना. मी स्वतः रेशन कार्यालयात गेले तेव्हा कारकुनाने रजिस्टर उलटंपालटं केलं आणि सांगितलं, "या नावाचा अर्जच आलेला नाही, बाई."

घरकामगार संघटनेच्या एका कार्यकर्तीची गाठ पडली ती त्यानंतर. मावशींच्या शेजारणीने नेलं. पत्र्याच्या खोलीत सतरंजी, भिंतीला टेकून बसलेल्या पंधरा-वीस बायका. मी सगळी हकिगत सांगितली, किती फोन केले, कुणाकुणाला भेटले. त्या बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "ताई, पोच कुठंय?"

पोच नव्हतीच. अर्जच नव्हता तर पोच कुठली? ३१ वर्षं बँकेत प्रत्येक चलनावर शिक्का मारणाऱ्या मला, आपलं काम तोंडी चाललंय याचं काहीच वाटलं नव्हतं. पुढे सरकारी खिडकीवर मी शेकडो वेळा गेले. नाही म्हटल्यामुळे अडलेली माणसं थोडी दिसली. "बघतो", "ठेवून जा", "पुढच्या आठवड्यात या" यावर परत गेलेली माणसं फार दिसली. नकार लेखी मिळाला तर त्यावर अपील होतं. "बघतो"वर कसलं अपील करणार?

म्हणून पहिलं सांगणं हे. अर्ज दोन प्रतींत करा. एक खिडकीत द्या, दुसरीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का घ्या. सोबत कोणकोणते कागद जोडले त्याची यादी अर्जातच खाली लिहा, म्हणजे "हा कागद नव्हताच" असं नंतर कुणी म्हणणार नाही. मूळ कागद दाखवायचे आणि परत घ्यायचे, द्यायची ती झेरॉक्स. साहेब जेवायला गेलेत असं म्हणाले तर बसून राहा. ऑनलाइन अर्ज केला असेल तर टोकन क्रमांकाची पावती छापून घ्या, मोबाइलमध्ये आहे म्हणून थांबू नका, मोबाइल बिघडतात.

पोच हातात असली की कायदा तुमच्या बाजूने चालायला लागतो. महाराष्ट्रात २०१५ पासून लोकसेवा हक्क अधिनियम आहे. कोणतं काम किती दिवसांत व्हायला हवं, ते कोण करणार, न झाल्यास अपील कुणाकडे करायचं, याचा फलक प्रत्येक कार्यालयात लावणं बंधनकारक आहे. नवीन कार्ड, नाव वाढवणं, नाव कमी करणं, दुबार कार्ड या सगळ्या कामांना मुदत आहे. मुदत उलटली किंवा अर्ज फेटाळला की ३० दिवसांच्या आत पहिलं अपील, मग दुसरं, आणि त्यावर राज्य सेवा हक्क आयोग. कारण नसताना काम अडवणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५००० रुपये दंड होऊ शकतो. आमच्या रेशन कार्यालयात तो फलक होता, पण त्याच्यापुढे कपाट उभं केलेलं होतं. संघटनेच्या बायकांनी ते सरकवायला लावलं आणि मावशींनी फलकाचा फोटो काढला.

कार्ड हरवल्याची पोलीस ठाण्यात नोंद, प्रतिज्ञापत्र, दुबार कार्डाचा अर्ज, यातून मावशींना नवं कार्ड मिळालं. शिक्क्याला वेळ लागला. तिथे आम्ही माहितीचा अधिकार वापरला. कोऱ्या कागदावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावून अर्ज, ३० दिवसांत उत्तर. त्यात "अन्याय झाला", "न्याय मिळावा" असं काही लिहू नका. अमुक तारखेच्या, अमुक आवक क्रमांकाच्या अर्जावर आजवर कोणत्या दिवशी कोणी काय कार्यवाही केली, एवढंच विचारा. आपल्याकडच्या नियमानुसार अर्ज एका विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत ठेवायचा असतो. आमचा तर चार ओळींचा होता. उत्तर यायच्या आधीच कार्यालयातून मावशींना बोलावणं आलं.

आता माझी दुसरी चूक. काम झालं ही बातमी वस्तीत पसरली आणि बायका माझ्याकडे यायला लागल्या. कुणाचं नाव सासरच्या कार्डात चढत नव्हतं, कारण माहेरच्या कार्डातून कमी झाल्याचा दाखला नव्हता. कुणी विधवा होती आणि संजय गांधी निराधार योजनेच्या अर्जाला उत्पन्नाच्या दाखल्याअभावी तहसील कार्यालयात कुणी हात लावत नव्हतं. मी उत्साहाने सगळ्यांचे कागद घेतले, फाइली केल्या, माझ्या कपाटात लावल्या. तारखा माझ्या डायरीत, फोन नंबर माझ्याकडे. मग माझं गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि मी दीड महिना अंथरुणावर होते. त्या दिवसांत एका मुलीच्या अपिलाचे ३० दिवस उलटून गेले. तिला तारीख ठाऊक नव्हती आणि फाइल माझ्याकडे कुलपात होती. ती एका शब्दाने बोलली नाही. पुन्हा पहिल्यापासून अर्ज करायला आली तेव्हा कडेवर तान्हं मूल होतं.

त्या पुढाऱ्याच्या कार्यालयातल्या मुलाच्या ड्रॉवरमध्ये आणि माझ्या कपाटात त्या मुलीच्या दृष्टीने काय फरक होता? मी पैसे घेत नव्हते, एवढाच. तेव्हापासून कुणाचाही कागद घरी ठेवत नाही. प्रत्येकीची प्लॅस्टिकची पिशवी तिच्याच घरी, पत्र्याच्या पेटीत. आम्ही एक वही ठेवली आहे, ती संघटनेच्या खोलीत असते. नाव, अर्जाचा विषय, आवक क्रमांक, मुदत संपायची तारीख. ज्यांना लिहिता येतं त्या लिहितात, ज्यांना येत नाही त्या तारीख पाठ करतात. तुम्ही माझ्यासारख्या शिकल्यासवरलेल्या असाल आणि मनापासून यात पडू पाहत असाल, तर खिडकीशी तुम्ही बोलू नका. शेजारी उभ्या राहा. अर्जदार अडखळली तरी तिला बोलू द्या. तुम्ही बोललात की कारकून पुढच्या वेळी तिला म्हणतो, "त्या मॅडमना घेऊन या."

माणसं कुठे शोधायची, हे मला पुष्कळजणी विचारतात. पुण्यात तरी फार लांब जावं लागत नाही. १९८० मध्ये याच शहरात मोलकरणींनी संप केला आणि त्यातून त्यांची संघटना उभी राहिली. कचरावेचकांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ ची. हमाल पंचायत तर त्याहून कितीतरी जुनी. मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांनी १९७२ मध्ये महागाईविरुद्ध बायकांना हातात लाटणी घेऊन रस्त्यावर आणलं, तिथपासून रेशनच्या प्रश्नावर काम करणाऱ्यांची परंपरा आहे. गावाचं नाव कोणतंही असो, आपल्या धंद्याची, आपल्या वस्तीची संघटना आधी विचारा. वकील लागला तर जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. १९८७ च्या कायद्याप्रमाणे स्त्रियांना तिथे मोफत मदत मिळते, त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. हे किती वकीलही सांगत नाहीत! त्यांचा दूरध्वनी १५१००, रेशनच्या तक्रारीचा १९६७. फोन केलात तर तक्रार क्रमांक लिहून घ्या, तीही पोचच आहे.

दुकानात काय होतं तेही पाहिलं पाहिजे. शिक्का मिळाल्यावर पहिल्या महिन्यात मी मावशींबरोबर गेले होते. त्यांनी पॉस मशीनवर अंगठा ठेवला. मशीनने घेतला नाही. पदराला पुसून पुन्हा ठेवला. मग तर्जनी, मग दुसरा हात. चाळीस वर्षं राख आणि भांड्यांची पावडर चोळून बोटांवरच्या रेषा गुळगुळीत झालेल्या. मागची रांग कुरकुरायला लागली आणि मावशींनी हात पदराखाली घेतला, जणू काही त्यांचंच चुकलं होतं. दुकानदार म्हणाला, "उद्या या." उद्या म्हणजे एका घराचा खाडा. आता आम्ही सांगतो की घरातल्या दुसऱ्या कुणाचा अंगठा चालतो का ते आधी बघा, कार्डातल्या प्रत्येकाचं आधार जोडून घ्या, आणि तरी धान्य नाकारलं तर तारीख, वेळ टाकून लेखी तक्रार द्या. धान्य मिळालं तर मशीनमधून निघालेली पावती मागा, तिच्यावर किती किलो दिलं ते छापलेलं असतं. ती पावती न मागणाऱ्यांच्या पिशवीत किलो-दोन किलो कमी पडतं, हे मी स्वतः वजन करून पाहिलंय.

पण एवढं सगळं नीट करूनही काही कामं होत नाहीत, आणि हे न सांगणं म्हणजे फसवणूक ठरेल. मावशींचं तीन घरांचं मिळून महिन्याला साडेचार हजार, वर्षाचे ५४ हजार. त्यांनी चौथं घर धरलं की वर्षाचे होतात ७२ हजार, म्हणजे मर्यादेबाहेर. महिन्याला सहा हजारांत पुण्यात चार माणसं जगवणारी बाई या हिशेबाने गरीब नाही! यजमानांचं औषध भागेना म्हणून चौथं घर धरू का, असं त्यांनी मला विचारलं तेव्हा मी काय सांगायला हवं होतं? दुसरी अडचण इष्टांकाची. राज्यात किती लोकांना या कायद्याखाली धान्य मिळणार याचा आकडा २०११ च्या जनगणनेवर बांधलेला आहे, आणि महाराष्ट्राच्या शहरी भागासाठी तो लोकसंख्येच्या ४५.३४ टक्के आहे. तेव्हापासून वस्त्यांमध्ये किती माणसं आली, किती मुलं जन्मली, तरी आकडा तोच. पात्र असूनही "इष्टांक शिल्लक नाही" असं उत्तर मिळतं. तिथे एकटीची पोच पुरत नाही. तिथे जिल्हा तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे, राज्य अन्न आयोगाकडे पंचवीस-तीस जणींनी मिळून जावं लागतं, दुकानाच्या दक्षता समितीत आपल्या बायका बसवाव्या लागतात, अपात्र कार्डं रद्द झाल्यावर मोकळ्या झालेल्या जागा कुणाला दिल्या हे विचारत राहावं लागतं.

सध्या आमच्या वहीत नऊ अर्ज इष्टांकापायी अडकलेले आहेत. नऊही जणींकडे पोच आहे, पहिलं अपील झालेलं आहे. दुसऱ्या अपिलाची तारीख पुढच्या गुरुवारी आहे आणि त्यातला एकही अर्ज मावशींचा नाही. तरी त्यांनी त्या दिवशीची सुट्टी तिन्ही घरी आत्ताच सांगून ठेवली आहे.