आधी वजनाचा हिशेब, मग पाळणा



पेरणीआधी आपण रान नांगरतो, कुळवतो, शेणखत घालतो. मग घरात पाळणा हलण्याआधी आईच्या शरीराची तयारी पाहायला नको का?

त्यासाठी एक सोपा हिशेब आहे. त्याला ‘बीएमआय’ म्हणतात. उंचीच्या मानाने वजन योग्य आहे की नाही, हे त्यावरून कळते.

हिशेब असा करा

१. चपला काढून वजन करा.
२. भिंतीला टाचा टेकवून ताठ उभे राहा आणि उंची मोजून घ्या. १५० सेंटीमीटर म्हणजे १.५ मीटर.
३. मीटरमधल्या उंचीला त्याच आकड्याने गुणा.
४. आलेल्या आकड्याने वजनाला भागा.

समजा, पत्नीची उंची १५० सेंटीमीटर, वजन ३६ किलो.
१.५ × १.५ = २.२५
३६ ÷ २.२५ = १६

पतीची उंची १६० सेंटीमीटर, वजन ६४ किलो.
१.६ × १.६ = २.५६
६४ ÷ २.५६ = २५

आकडा काय सांगतो? (भारतीय प्रौढांसाठी)

१८.५ पेक्षा कमी : वजन कमी
१८.५ ते २२.९ : वजन योग्य
२३ ते २४.९ : वजन जास्त
२५ व त्यापुढे : लठ्ठपणा

म्हणजे एकाच घरात, एकाच चुलीवर जेवणारी ही दोघं. पण पत्नीचे वजन फार कमी आणि पतीचे जास्त! सर्वांचे झाल्यावर उरलंसुरलं खायचं, ही रीत इथेच बाईला नडते. तिचे वजन निदान ४२ किलो तरी हवे.

आईचे वजन कमी असेल तर बाळ अपुऱ्या दिवसांचे किंवा अडीच किलोपेक्षा कमी वजनाचे होण्याचा धोका वाढतो. वजन फार असेल तर गरोदरपणात रक्तदाब व मधुमेहाचा धोका असतो.

मग काय करायचं?

वजन कमी असेल तर घाई करू नका. डाळ, उसळ, पालेभाजी, शेंगदाणे, गूळ, जमेल तसे दूध-अंडी घ्या. दोघांनी एकाच वेळी जेवायला बसा. तोवर पाळणा लांबवा. निरोध, गोळ्या, तांबी ही साधने सरकारी आरोग्य केंद्रात मोफत मिळतात. आधीचे मूल असेल तर ते दोन वर्षांचे होईपर्यंत पुन्हा दिवस राहू देऊ नका. वजन जास्त असेल तर तेल-तूप, साखर कमी करा, रोज चाला.

हे ध्यानात ठेवा

हा हिशेब गरोदर बाईसाठी आणि अठरा वर्षांखालील मुलामुलींसाठी नाही. दिवस गेले असतील तर लगेच नाव नोंदवा. अंगात रक्त किती, हेही यातून कळत नाही. त्यासाठी रक्त तपासून घ्या. वजन आपोआप घटत असेल किंवा खोकला जात नसेल, तर डॉक्टरांना दाखवा.

गणित जमलं नाही तरी लाजू नका. आशाताईंना किंवा आरोग्यसेविकेला विचारा. मात्र काट्यावर दोघांनीही उभे राहा!

आई सशक्त, तर बाळ सशक्त!