गुप्तवार्ता व तपास सेवा : भरतीची खुली दारे

पोलीस शिपाई, तलाठी किंवा शिक्षक होण्याची वाट खेड्यातील पदवीधराला ठाऊक असते. देशाच्या गुप्तवार्ता व तपास सेवांविषयी मात्र, तेथे वशिल्याच्या माणसांनाच प्रवेश मिळतो, असा समज अद्याप आढळतो. या समजाने दुहेरी हानी होते. लायक उमेदवाराचे वय अर्ज न करताच उलटून जाते आणि 'दिल्लीत शब्द टाकतो' म्हणणाऱ्या मध्यस्थाच्या हाती घरची पुंजी पडते. वस्तुतः यांतील बहुतेक पदे जाहीर स्पर्धा परीक्षांतून भरली जातात.

दोन कामे, निरनिराळ्या यंत्रणा

संभाव्य धोक्याची वार्ता आधी मिळविणे, ती पडताळणे व शासनास कळविणे हे गुप्तवार्तेचे काम. घडलेल्या गुन्ह्याचा पुरावा गोळा करून तो न्यायालयापुढे ठेवणे हे तपासाचे काम.

देशांतर्गत गुप्तवार्तेची जबाबदारी केंद्रीय गृह मंत्रालयाच्या इंटेलिजन्स ब्यूरोकडे आहे. त्याचा उगम १८८७ पर्यंत मागे जातो. आरोपीस अटक करणे वा खटला भरणे हे त्याचे काम नव्हे. परदेशविषयक गुप्तवार्तेसाठी १९६८ मध्ये 'रॉ' ही स्वतंत्र संघटना स्थापन झाली. रामेश्वरनाथ काव हे तिचे पहिले प्रमुख होत.

तपासाच्या क्षेत्रात, दुसऱ्या महायुद्धातील पुरवठा व्यवहारांमधील लाचलुचपतीच्या चौकशीसाठी १९४१ मध्ये विशेष पोलीस आस्थापना निर्माण झाली. तीतूनच १ एप्रिल १९६३ रोजी केंद्रीय अन्वेषण विभाग, म्हणजे सीबीआय, आकारास आला. १९४६ च्या कायद्यानुसार राज्याच्या हद्दीत तपास करण्यास त्याला सामान्यतः राज्य शासनाची संमती लागते. २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबईवरील हल्ल्यानंतर त्याच वर्षी राष्ट्रीय तपास यंत्रणेचा, म्हणजे एनआयएचा, कायदा संमत झाला. दहशतवादासारख्या अनुसूचित गुन्ह्यांचा तपास ही यंत्रणा अशा संमतीवाचून करू शकते.

प्रवेशाचे तीन मार्ग

पहिला मार्ग केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेचा. भारतीय पोलीस सेवेत निवड झालेले अधिकारी पुढे प्रतिनियुक्तीवर या सर्व यंत्रणांत जातात. राज्य पोलीस दलातील कर्मचाऱ्यांनाही प्रतिनियुक्तीची संधी असते. 'रॉ'साठी सर्वसाधारण खुली परीक्षा होत नाही. तेथील निवड मुख्यत्वे सेवेतील अधिकाऱ्यांतून होते.

दुसरा मार्ग कर्मचारी निवड आयोगाच्या संयुक्त पदवीधर परीक्षेचा. सीबीआय व एनआयए यांतील उपनिरीक्षक या परीक्षेतून निवडले जातात. कोणत्याही शाखेची पदवी चालते. वयाची कमाल मर्यादा सर्वसाधारणपणे ३० वर्षे असून राखीव प्रवर्गांना नियमानुसार सवलत मिळते. सीबीआयच्या या पदासाठी पुरुषांची उंची १६५ सेंटिमीटर, तर एनआयएसाठी १७० सेंटिमीटर लागते. महिलांसाठी दोन्हीकडे ती १५० आहे. तर्कक्षमता, सामान्य ज्ञान, अंकगणित व इंग्रजी हे परीक्षेचे मुख्य विषय होत.

तिसरा मार्ग इंटेलिजन्स ब्यूरोच्या स्वतंत्र परीक्षांचा. सहायक केंद्रीय गुप्तवार्ता अधिकारी, श्रेणी दोन, या पदासाठी पदवी लागते. वयोमर्यादा १८ ते २७ वर्षे आहे. वस्तुनिष्ठ प्रश्नपत्रिका, लेखी उत्तरांची परीक्षा व मुलाखत असे निवडीचे टप्पे आहेत.

बोलीचे मोल

याच ब्यूरोतील सुरक्षा सहायक हे पद दहावी उत्तीर्णांना खुले असते. उमेदवार ज्या राज्यासाठी अर्ज करतो तेथील अधिवास व स्थानिक भाषेचे वा बोलीचे ज्ञान ही त्याची अट होय. परीक्षेत त्या भाषेतून अनुवादही करावा लागतो. गुप्तवार्तेचे काम माणसांत मिसळून चालते. बाजारातील बोलणे ज्याला कळते त्यालाच त्यातील वावगे लक्षात येते. म्हणून मराठीवर पक्की पकड आणि जोडीला कामापुरते शुद्ध इंग्रजी, अशी तयारी माध्यमिक शाळेपासूनच करून घेणे हितावह आहे.

पडताळणीतील सचोटी

निवडीनंतर चारित्र्य व पूर्वेतिहास यांची पडताळणी होते. अनेक उमेदवार येथेच अडखळतात. गावच्या भांडणात नाव गोवले गेलेला तरुण भीतीपोटी साक्षांकन नमुन्यात 'गुन्हा नाही' असे लिहितो. अवतारसिंग विरुद्ध भारत सरकार या प्रकरणी २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, अशी माहिती खरी असली पाहिजे व ती दडवता कामा नये, असे स्पष्ट केले. क्षुल्लक प्रकरण खरेपणाने नमूद केल्यास नियुक्ती अधिकारी त्याचा विचार करू शकतो. लपविलेली गोष्ट उघड झाल्यास मात्र नियुक्ती रद्द होऊ शकते. सरपंचांनी व मुख्याध्यापकांनी दाखला देताना हाच सल्ला द्यावा. शाळेच्या नोंदवहीतील नाव व जन्मतारीख इतर कागदपत्रांशी जुळते की नाही, हेही वेळीच पाहावे.

सेवेची बंधने

गुप्तवार्ता संघटनांतील कर्मचाऱ्यांच्या संघटना स्थापण्याच्या व वृत्तपत्रांशी संपर्क ठेवण्याच्या हक्कांवर १९८५ च्या कायद्याने निर्बंध आहेत. कामगिरी कितीही मोठी असली तरी बहुधा तिचा गाजावाजा होत नाही. नावलौकिकाची अपेक्षा न ठेवता काम करण्याची तयारी असलेल्यांनीच हा मार्ग निवडावा.

भरतीच्या जाहिराती 'रोजगार समाचार' व संबंधित शासकीय संकेतस्थळांवर प्रसिद्ध होतात. विहित परीक्षा शुल्काखेरीज कोणासही पैसे द्यावे लागत नाहीत. प्रत्येक जाहिरातीतील पात्रता व अंतिम तारीख ग्रामपंचायतीच्या आणि शाळेच्या सूचना फलकावर लावली गेली, तरी पुष्कळ होतकरू तरुणांचे वय वाया जाणार नाही व मध्यस्थांचा धंदाही बसेल.