कमी पैशांतला गेमिंग संगणक : आधी मोजा, मग घ्या

आपल्यासारख्या घरांत संगणक एकदाच येतो आणि मग तो सगळ्यांचा होतो. सकाळी त्यावर बहिणीचा ऑनलाइन क्लास, दुपारी बाबांचं विजेचं बिल, रात्री भावाचा गेम. त्यामुळे "गेमिंगसाठी संगणक वाढवायचाय" असं कुणी म्हटलं, की प्रश्न नुसत्या गेमचा राहत नाही. घरातल्या एकुलत्या एका यंत्राचा आणि थोडे थोडे करून साठवलेल्या पैशांचा तो प्रश्न होतो. मंडळातल्या दोघा-तिघांनी याबद्दल विचारलं, म्हणून हा लेख पाठासारखा लिहिते आहे.

उदाहरण माझ्या मावसभावाच्या संगणकाचं घेते. पैसे होते २०,००० रुपये, मावशीच्या भिशीचे. त्यावर एक रुपयाही मिळणार नव्हता. शिवाय मावशीची अट होती : "धाकटीचं बारावीचं वर्ष आहे. संगणक एका दिवसापेक्षा जास्त बंद राहता कामा नये आणि तिच्या नोट्स जाता कामा नयेत." तुमच्या घरचे आकडे वेगळे असतील, पण अशी एखादी अट असणारच.

पाठाचं सूत्र एका वाक्यात सांगते : संगणकाचा वेग त्याच्या सगळ्यात दुबळ्या भागावर ठरतो, आणि तो भाग कुठला हे मोजून ठरवायचं.

१. आधी वही घ्या

काही विकत घेण्यापूर्वी घरात काय आहे ते लिहून काढा. विंडोजमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबल्या की टास्क मॅनेजर उघडतो. त्यातल्या परफॉर्मन्स या भागात बहुतेक माहिती मिळते. आमच्या वहीत असं उतरलं :

प्रोसेसर : इंटेल कोअर आय५-८५००, २०१८ सालचा, ६ कोअर.
रॅम : ८ जीबी, एकच पट्टी, डीडीआर४.
डिस्क : १ टीबीची फिरणारी हार्ड डिस्क.
ग्राफिक्स : वेगळं कार्ड नाही, प्रोसेसरमधलंच.
एसएमपीएस : २६० वॅट. हे टास्क मॅनेजरमध्ये दिसत नाही. कॅबिनेट उघडून डब्यावरचं लेबल वाचावं लागतं.

हा संगणक कुठल्यातरी ऑफिसात काही वर्षं वापरून झालेला, म्हणजे रिफर्बिश्ड. नशिबाने कॅबिनेट उंच टॉवरचं होतं. ऑफिसातली पातळ कॅबिनेटं असतात, त्यांत फक्त बुटकी, म्हणजे लो प्रोफाइल कार्डंच बसतात. म्हणून आतली जागा पट्टीने मोजा आणि तेही वहीत लिहा.

२. पोळ्यांचं गणित

गेम म्हणजे एका सेकंदात अनेक चित्रं. सेकंदाला ६० चित्रं हवी असतील, तर एका चित्राला मिळतात साधारण १६.७ मिलिसेकंद. तेवढ्या वेळात दोघांचं काम होतं. गाडी कुठे वळली, कोण कुणाला धडकलं, हे प्रोसेसर ठरवतो. ग्राफिक्स ते चित्र रंगवतं. १९२० × १०८० या पडद्यावर ठिपके असतात २०,७३,६००, आणि प्रत्येक चित्रात ते सगळे रंगवायचे.

स्वयंपाकघरात एकजण पोळ्या लाटतो आणि दुसरा भाजतो, तसंच हे आहे. भाजणारा हळू असेल, तर लाटणाऱ्याला नवं लाटणं आणून देऊन पोळ्या वाढत नाहीत, ओट्यावर नुसता ढीग साठतो. रॅम म्हणजे तो ओटा. डिस्क म्हणजे फडताळातला पिठाचा डबा.

आता मोजू या. गेम चालू ठेवून टास्क मॅनेजर बघायचा. मावसभाऊ जीटीए ५ खेळतो. खेळताना ग्राफिक्सचा आकडा शंभराला टेकलेला, प्रोसेसर मात्र जेमतेम अर्ध्यावर. गेम सुरू होताना डिस्क शंभर टक्के, आणि रॅम जवळजवळ भरलेली.

खात्रीसाठी आणखी एक चाचणी, तीही फुकट. गेमच्या सेटिंगमध्ये पडद्याचा आकार १२८० × ७२० करा. ठिपके ९,२१,६०० होतात, म्हणजे निम्म्याहून कमी. गेम लगेच सुरळीत झाला, तर भाजणारा, म्हणजे ग्राफिक्स, कमी पडतंय. काहीच फरक पडला नाही, तर लाटणारा, म्हणजे प्रोसेसर, कमी पडतोय. आमच्याकडे फरक पडला. म्हणजे प्रोसेसर बदलायची गरज नव्हती. सगळ्यात महाग निर्णय इथेच टळला.

३. कुठे किती खर्च

तीन गोष्टी ठरल्या.

पहिली, रॅमची आणखी एक ८ जीबीची पट्टी. एकूण १६ जीबी होते हा एक फायदा. दुसरा फारसा कुणी सांगत नाही. दोन पट्ट्या योग्य खाचांत लावल्या, की प्रोसेसर दोन्हींशी एकाच वेळी बोलतो. २६६६ वेगाच्या एका पट्टीतून सेकंदाला जास्तीत जास्त २१.३ जीबी माहिती जाऊ शकते, दोन पट्ट्यांतून त्याच्या दुप्पट. प्रोसेसरमधलं ग्राफिक्स याच रॅमवर जगतं. त्यामुळे कार्ड घ्यायची ऐपत नसेल, तर सगळ्यात आधी हेच करा.

दुसरी, ५०० जीबीची एसएसडी. जुनी हार्ड डिस्क मिनिटाला ७,२०० वेळा फिरते, म्हणजे एका फेरीला ८.३ मिलिसेकंद. हवी ती माहिती सुईखाली यायची वाट बघावी लागते. एसएसडीत फिरणारं काही नसतंच. तिने गेममधली चित्रं वाढत नाहीत, हे आधीच सांगते. पण संगणक चालू होणं, गेम उघडणं, क्लासची खिडकी उघडणं, सगळं झटपट होतं. घरात त्याचा फायदा खेळणाऱ्यापेक्षा बाकीच्यांना जास्त होतो. जुनी डिस्क टाकायची नाही, साठवणीला ठेवायची.

तिसरी, ग्राफिक्स कार्ड. उरलेल्या पैशांतला मोठा वाटा याला.

४. विजेचा हिशोब

कार्ड निवडण्याआधी एसएमपीएसकडे बघावं लागतं. मदरबोर्डवरच्या ज्या लांब खाचेत कार्ड बसतं, ती खाच जास्तीत जास्त ७५ वॅट देते. त्याहून जास्त खाणाऱ्या कार्डाला एसएमपीएसमधून वेगळी वायर लागते. ऑफिसच्या संगणकात ती वायर बहुतेक वेळा नसतेच. आणि मोठ्या कंपन्यांच्या संगणकांत एसएमपीएसचा आकार आणि जोडण्या बऱ्याचदा त्यांच्या स्वतःच्या असतात, त्यामुळे बाजारातला कुठलाही एसएमपीएस आणून बसवता येत नाही.

आमचा हिशोब असा : प्रोसेसर ६५, कार्ड ७५, बाकी सगळं मिळून ५० धरलं, एकूण १९० वॅट. प्रोसेसर मध्येच थोडा वेळ ६५ च्या वर जातो, तरी २६० मध्ये पुरेशी जागा राहते. म्हणून ७५ वॅटच्या आतलंच कार्ड घ्यायचं ठरलं : एनव्हिडियाचं जीटीएक्स १६५०, २०१९ सालचं, ४ जीबीचं, वेगळी वायर न लागणारं मॉडेल. याच नावाच्या काही मॉडेलांना वायर लागते, म्हणून फोटो बघून नाही, कार्ड हातात घेऊन तपासा. आरटीएक्स ३०५० चं ६ जीबीचं मॉडेलही ७० वॅटमध्ये बसतं, ते नवं आहे. पैसे असतील तर ते बघा.

मावशीने विजेच्या बिलाचं विचारलं. रोज दोन तास १९० वॅट म्हणजे ०.३८ युनिट, महिन्याला साडेअकराच्या आसपास. मॉनिटरचे वेगळे.

ज्यांना नवा एसएमपीएस घ्यायचाच आहे, त्यांनी तिथे पैसे वाचवू नयेत. बाकी कुठलाही भाग गेला तर तो एकटा जातो. वाईट एसएमपीएस जाताना शेजाऱ्यांना घेऊन जाऊ शकतो.

५. बाजारात जाताना

हैदराबादकरांना सिकंदराबादच्या पार्कलेनवरचं सीटीसी, म्हणजे चिनॉय ट्रेड सेंटर, माहीत असतं. दुकानं एकमेकांना लागून असल्यामुळे एकाच फेरीत चार ठिकाणचे भाव लिहून घेता येतात. ज्या गावांत असा बाजार नाही, तिथे फोनवर विचारा, पण मॉडेलचं पूर्ण नाव सांगून विचारा. "गेमिंगवालं कार्ड कितीला?" या प्रश्नाला दुकानदार त्याच्या सोयीचं उत्तर देतो. खाली तीन ठिकाणं सांगते, जिथे नावावरून फसायला होतं.

"आय७ आहे." कोअर आय७-२६०० हा २०११ सालचा, ४ कोअर आणि ८ थ्रेडचा. कोअर आय३-१२१०० हा २०२२ सालचा, त्यालाही ४ कोअर आणि ८ थ्रेड. आय३ खूपच वेगवान आहे. आय७ हे फक्त घराण्याचं नाव, पिढी त्यापुढच्या आकड्यात असते.

"४ जीबीचं कार्ड आहे." २०१४ सालच्या जीटी ७३० चंही ४ जीबीचं मॉडेल मिळतं, आणि जीटीएक्स १६५० पण ४ जीबीचं. पण रंगकाम करणारे कोअर पहिल्यात फार तर ३८४, दुसऱ्यात ८९६. जीबी म्हणजे रंगाच्या डब्याचा आकार. रंगारी किती, हे त्यातून कळत नाही.

"लायटिंग बघा!" कॅबिनेटमध्ये दिवे आणि काच असली की किंमत वाढते, चित्रं वाढत नाहीत. एका दुकानात मला "पुराना कायकू बनाते, नवाच लेलो ना" म्हणत असाच एक झगमगीत संगणक दाखवला. आतला प्रोसेसर आमच्यापेक्षा जुना होता.

सेकंड हँड कार्ड घेत असाल तर दुकानातच लावून बघा. जीपीयू-झेड नावाचा फुकट प्रोग्रॅम पेनड्राइव्हवर घेऊन जा. जुन्या कार्डाला नव्याचं नाव देऊन विकलेलं बनावट कार्ड तो बऱ्याचदा ओळखतो आणि नावापुढे तसं लिहून दाखवतो. दहा मिनिटं गेम चालवून पंख्याचा आवाज ऐका. बिलावर मॉडेल आणि सीरियल नंबर लिहून घ्या.

६. जोडणी

आम्ही शनिवार निवडला, रविवार हाताशी राहावा म्हणून. आधी धाकटीच्या नोट्स पेनड्राइव्हवर घेतल्या आणि तिच्याकडूनच त्या उघडून खात्री करून घेतली. मग जुन्या डिस्कवरचं सगळं एसएसडीवर जसंच्या तसं उतरवलं. जुनी डिस्क पंधरा दिवस पुसायची नाही असं ठरवलं, म्हणजे काही झालं तर परतीची वाट उघडी.

प्लग काढा, चालू करायचं बटण एकदा दाबा, म्हणजे उरलेली वीज जाते. कॅबिनेटच्या धातूला हात लावून मगच भागांना हात लावा. रॅमच्या दुसऱ्या पट्टीची खाच मॅन्युअलमध्ये बघा. कार्ड बसवल्यावर मॉनिटरची वायर मदरबोर्डला नाही, कार्डाला लावा. ही वायर चुकीच्या जागी लावून "कार्डाने काही फरकच पडला नाही" म्हणणारे पुष्कळ. मॉनिटर जुना, निळ्या जोडणीचा व्हीजीए असेल, तर कन्व्हर्टर लागेल, तोही यादीत धरा.

विंडोजचंही बघा. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ ला इंटेलची आठवी किंवा त्यानंतरची पिढी लागते. आमचा आय५ नेमका आठव्या पिढीचा. व्हॅलोरंटसारखा गेम विंडोज ११ वर टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट चालू असल्याशिवाय चालत नाही, म्हणून जुना संगणक घेताना पिढी आधी विचारा.

संध्याकाळपर्यंत सगळं जागेवर होतं. जीटीए पूर्ण पडद्यावर न अडखळता चालला. धाकटीने सोमवारी क्लास लावला आणि एवढंच म्हणाली, "ताई, पटकन उघडलं की गं." पैसे २०,००० च्या आत राहिले. उरलेले मावशीच्या हातात दिले, ते तिने पुन्हा भिशीत टाकले.

घरचा अभ्यास

१. तुमच्या संगणकाचे पाच भाग वहीत लिहा. एसएमपीएसचे वॅट लेबलवरून वाचा.
२. एखादा गेम किंवा जड प्रोग्रॅम चालवून कुठला आकडा शंभराला टेकतो ते टिपून ठेवा.
३. पडदा लहान करून फरक पडतो का बघा, आणि लाटणारा हळू की भाजणारा, ते एका वाक्यात लिहा.

ते वाक्य लिहून होईपर्यंत बाजारात जाऊ नका. वही मंडळाच्या पुढच्या बैठकीला आणलीत तर आपण सगळे मिळून वाचू.