तोडीआधी टेप

बाळा, ठेकेदार दारात आला की त्याला चहा दे, पण आकडा सांगू नकोस. आमच्या वडिलांनी वरकसातलं रान उक्तं दिलं, एकही झाड न मोजता. दिवाळीनंतर कुऱ्हाडी लागल्या त्या होळीपर्यंत थांबल्या नाहीत, आणि हातात आली ती दोन म्हशींची किंमत. त्याआधी शिमग्यापर्यंत वाहणारा पऱ्या पुढच्या वर्षी पौषातच आटला. वरची तांबडी माती खाचरात येऊन बसली, ती उपसण्यात माझी दोन उन्हाळ्यांची सुट्टी गेली.

म्हणून आधी टेप घे. छातीच्या उंचीवर, साडेचार फुटांवर, प्रत्येक झाडाचा घेर मोज आणि जातीसकट वहीत लिही. तोडलेल्या सोटाचा घेर मात्र मध्यावर धरायचा, कारण बुंधा जाड आणि शेंडा बारीक असतो. त्या घेराचा चौथा हिस्सा काढ, त्याला त्यानेच गुण, मग लांबीने गुण. घेर 4 फूट, लांबी 12 फूट, तर 12 घनफूट. एवढं गणित येणाऱ्याला उक्तं कुणी मागत नाही.

परवानगीला कटकट म्हणू नकोस. मीही कितीतरी वर्षं म्हणत होतो. 1964 च्या महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियमात साग, ऐन, किंजळ, खैर, हिरडा, आंबा, फणस, जांभूळ ही आपल्या रानातली बहुतेक झाडं येतात. आपल्या सातबाऱ्यातली असली तरी वृक्ष अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. ठेकेदार म्हणेल, ‘कागदाचं मी बघतो.’ ते त्याला बघू देऊ नकोस. अर्जासोबतची झाडांची यादी तूच कर. आपण काय विकलं याचा तोच एक पुरावा उरतो. वाहतुकीच्या पासाशिवाय लाकूड गाडीत चढत नाही, तेव्हा तो कागद तुझ्या हातात असला की दर बोलायला तुला जोर येतो. आणि परवानगी येईपर्यंतचे दिवस चार ठिकाणी भाव काढायला वापर.

सरसकट तोड कधीच नको. उभ्या चढावरचं आणि पऱ्याच्या दोन्ही काठांचं झाड हात न लावता ठेव. ऐन, किंजळ, साग खोडापासून पुन्हा फुटतात, म्हणून तोड जमिनीलगत आणि धारदार हत्याराने, साल न फाटता व्हावी. फुटव्यांतले दोन चांगले ठेव, बाकीचे छाट. भाजावळीला कवळ हवी तर शेंडा सोडून बाजूच्या फांद्या घे.

सुक्या लाकडाच्या वजनात जवळजवळ निम्मा कार्बन असतो. लाकडाचा कोळसा होऊन तो जळला की तो कार्बन परत हवेत जातो. लाकूड घराच्या वाशात राहिलं तर पिढ्यान्‌पिढ्या तिथेच. त्यामुळे गिऱ्हाईक निवडताना लाकूड कुठे जाणार तेही विचार.

नड असेल तर आधी बांबू विक. 2017 मध्ये भारतीय वन कायद्यातल्या झाडाच्या व्याख्येतून तो वगळला, आपल्या बांधावरच्या माणग्याला आता ती आडकाठी नाही. फक्त पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या काठ्या बेटात राहू दे आणि पावसाळ्यात तोडू नकोस.

आपलं खातं सामायिक आहे. मुंबईचा एखादा भाऊ फोनवर ‘देऊन टाक’ म्हणेल. शिमग्याला सगळे पालखीला येतील, तेव्हा त्यांना रानात ने आणि मोजणी त्यांच्यासमोर कर. टेप माझ्या कपाटात, खालच्या खणात आहे.